रोल्फिंग योगातून आलं का, आणि सेशन्स दहाच का?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर तिथेच कळेल. तुम्ही ३४ वर्षांच्या, दिवसभर लॅपटॉपवर काम. मान पुढे आलेली, खांदे गोल झालेले, आणि घरी आईचं "पोक काढून बसू नकोस" सुरूच. एका थेरपिस्टने तुम्हाला रोल्फिंगच्या, म्हणजे हातांनी खोल दाब देऊन शरीराची ठेवण सुधारायच्या पद्धतीच्या, दहा सेशन्सचं पॅकेज सांगितलंय, सगळे पैसे आधी भरले तर सूट. शिवाय हेही सांगितलंय की ही मूळची आपली योगविद्या, अमेरिकेत जाऊन नाव बदलून परत आली. तुम्ही विचारलंय, हे खरं का आणि दहाच का.

प्रश्न वरवर इतिहासाचा आहे, पण खरा प्रश्न "पैसे भरू का" हाच असणार. मी दोन्हींबद्दल लिहिते. या पद्धतीच्या बाबतीत जन्मकथा नीट कळली की निम्मं उत्तर तिच्यातच सापडतं. माझ्याबद्दल एवढंच, की मी २१ वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे आणि त्यातली १२ वर्षं हे कामही करते. याच कुळातलं, पण 'स्ट्रक्चरल इंटिग्रेशन' या नावाने. म्हणजे माझंही पोट यावर चालतं, हे ध्यानात ठेवून वाचा.

तर योगाचं. चिमूटभर खरं आहे, पण ती चिमूट कुठून आली ते बघण्यासारखं आहे.

ही पद्धत सुरू करणाऱ्या आयडा रोल्फ यांचा जन्म १८९६ सालचा, न्यूयॉर्कमधला. वडील सिव्हिल इंजिनिअर, बंदरातले धक्के बांधणारे. बाईंनी १९१६ मध्ये बर्नार्ड कॉलेजातून पदवी घेतली आणि १९२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट. पहिल्या महायुद्धाच्या त्या काळात पुरुष आघाडीवर गेल्यामुळे प्रयोगशाळांमध्ये बायकांना जागा मिळू लागल्या होत्या. रोल्फ रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये लागल्या आणि फीबस लेव्हिन यांच्यासोबत लेसिथिनसारख्या स्निग्ध पदार्थांवर संशोधन करू लागल्या. डीएनएमधली साखर ओळखणारे ते हेच लेव्हिन. म्हणजे ज्या बाईंच्या नावाने आज लोक कोपराने पाठ दाबून घेतात, त्यांचं पहिलं दशक परीक्षानळ्यांमध्ये गेलं. हे नुसतं शोभेला सांगत नाही. पुढे त्यांनी आपल्या पद्धतीचं जे स्पष्टीकरण दिलं ते रसायनाच्या भाषेत दिलं, आणि नेमकं तेच पुढे टिकलं नाही. त्याकडे येतेच.

दुसरा धागा ऑस्टिओपॅथीचा. मिसुरीतले अँड्र्यू टेलर स्टिल हे डॉक्टर. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्यांची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वासच उडाला. १८७४ मध्ये त्यांनी ऑस्टिओपॅथी जाहीर केली, १८९२ मध्ये कर्क्सव्हिल गावी शाळा काढली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शरीराची बांधणी बिघडली की कामकाज बिघडतं. हातांनी बांधणी सुधारा, पुढचं शरीर बघून घेईल. रोल्फ यांनी तरुणपणी स्वतः ऑस्टिओपॅथकडे उपचार घेतले होते, नंतर ऑस्टिओपॅथ मंडळींकडून शिकल्याही. माझ्या मते मूळ पीठ इथलं आहे. बाकीचं मीठ-मसाला.

आता योग. १९२०च्या दशकात रोल्फ न्यूयॉर्कजवळच्या नायॅक गावात पिअर बर्नार्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थांकडे योग शिकल्या. वर्तमानपत्रं त्यांना 'सर्वशक्तिमान ओम' म्हणून टोमणे मारायची, इतके ते वादग्रस्त. आणि बर्नार्ड कुठे शिकले? नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात, सिल्व्हे हमाती नावाच्या सीरियन-बंगाली गुरूंकडे. म्हणजे योग खरा, पण नेब्रास्कामार्गे. गंमत अशी, की त्याच सुमारास, १९२४ मध्ये, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं होतं आणि आसनं करताना शरीरात काय होतं ते क्ष-किरणांनी आणि दाब मोजून तपासत होते. रोल्फ यांच्यासारख्या प्रयोगशाळेत वाढलेल्या बाईंना तिथे फार करमलं असतं असं मला नेहमी वाटतं. पण तशी गाठ पडली नाही. त्या १९२०च्या दशकातच युरोपात जाऊन आल्या, झुरिकला गणित आणि अणुभौतिकी, जिनिव्हाला होमिओपॅथी. बाईंची भूक मोठी होती.

पद्धत खऱ्या अर्थाने सुरू झाली ती १९४०च्या आसपास, न्यूयॉर्कमध्ये, आणि तीही वैद्यकीय महत्त्वाकांक्षेतून नाही. रोल्फ यांना आपल्या मुलांसाठी पियानोची चांगली शिक्षिका हवी होती. भेटली ती बाई पडल्यामुळे हात जायबंदी झालेली, वाजवणं बंद. रोल्फ यांनी सौदा केला: मी तुमचा हात चालता करते, तुम्ही माझ्या मुलांना शिकवा. योगातल्या व्यायामांपासून सुरुवात झाली आणि बाई पुन्हा शिकवू लागल्या. त्यांच्याकडून दुसरीला कळलं, दुसरीकडून तिसरीला. हळूहळू व्यायाम मागे पडले आणि हात पुढे आले.

त्यांनी सगळ्यात जास्त विचार केला तो फॅशियाचा. मटण साफ करताना दोन तुकड्यांच्या मधे जो पांढरट, चिवट, पातळ पापुद्रा निघतो ना, बोटाने ओढला तर ताणतो पण चटकन तुटत नाही, तो फॅशिया. आपल्या प्रत्येक स्नायूभोवती, स्नायूच्या आत, अवयवांभोवती तो आहे आणि सलग आहे. त्या काळी शरीरविच्छेदन करणारे विद्यार्थी तो खरवडून बाजूला टाकत, कारण खाली "खरं" काहीतरी बघायचं असे. रोल्फ म्हणत होत्या, हाडं कुठे उभी राहायची ते हाच पापुद्रा ठरवतो. तो एका बाजूने आखडला की माणूस त्या बाजूला ओढला जातो, आणि मग गुरुत्वाकर्षण रोज, चोवीस तास, त्या कलण्यावर भार टाकत राहतं. त्यांना हवा होता गवंड्याच्या ओळंब्यात बसणारा माणूस: कान, खांदा, खुबा, गुडघा, घोटा एका रेषेत. धक्के बांधणाऱ्याची मुलगी शोभते खरी.

हा "गुरुत्वाकर्षणात माणूस कसा उभा आहे" हा प्रश्न त्यांचा स्वतःचा. स्टिल यांच्याकडे तो असा नव्हता, योगातही असा नाही. म्हणून "हे आपलंच" म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आता दहा का. १९५०च्या दशकात रोल्फ अमेरिका, कॅनडा, इंग्लंड असं फिरून ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टर (हातांनी मणक्यांवर उपचार करणारे) लोकांना शिकवू लागल्या. अडचण ही, की शिकणारे दोन-चार युक्त्या उचलायचे आणि आपल्या कामात मिसळून टाकायचे. पाठ दुखते, मग पाठीची युक्ती. रोल्फ यांना क्रम महत्त्वाचा वाटायचा. म्हणून त्यांनी तो पाककृतीसारखा बांधून दिला, आणि या क्षेत्रातले जुने लोक त्याला अजून 'रेसिपी' असंच म्हणतात. म्हणजे दहा हा आकडा शरीराने मागितलेला नाही. तो शिकवण्याच्या सोयीतून आला. हे वाक्य मी सेमिनारमध्ये बोलले की काही भुवया वर जातात, पण खरं तेच आहे.

रेसिपी अशी. पहिल्या तीन सेशन्समध्ये वरचे थर: श्वास आणि बरगड्या, मग पावलं आणि पोटऱ्या, मग दोन्ही कुशी. चौथ्यापासून सातव्यापर्यंत आत जायचं: मांडीची आतली बाजू, पोटातला सोअस स्नायू, माकडहाडाभोवतीचा भाग, आणि सातव्यात मान-डोकं, अगदी हातमोजा घालून तोंडाच्या आतूनसुद्धा. शेवटच्या तीनमध्ये नवीन काही उकरायचं नाही. झालेलं एकमेकांशी जुळवायचं.

पहिलं सेशन जरा जवळून सांगते, म्हणजे तुम्ही गेलात तर ओळखता येईल. माणूस आलेला असतो पाठ दुखते म्हणून आणि मी अर्धा वेळ छातीवर काम करते. "मॅडम, दुखतंय मागे" हे ठरलेलं वाक्य. तेल नाही, कारण तेलाने बोट घसरतं आणि पापुद्रा हाताला लागत नाही. बोटांची पेरं बरगड्यांच्या मधल्या फटीत ठेवायची, दाब सरळ खाली न देता तिरपा द्यायचा आणि थांबायचं. मग म्हणायचं, हात हळूच डोक्याकडे न्या. हालचाल तुमची, आधार माझा. मिनिटभराने बोटाखाली काहीतरी सैल होतं, लोणी घराबाहेर ठेवल्यावर होतं तसं. आणि श्वास एकदम खालपर्यंत जातो. तो क्षण इतका स्पष्ट असतो की पहिल्या वर्षी मी प्रत्येक वेळी हरखून जायचे.

रोल्फ यांचं स्पष्टीकरण याच क्षणाबद्दल होतं. दाब आणि ऊब दिली की फॅशिया घट्टपणा सोडून प्रवाही होतो आणि नव्या आकारात बसतो, असं त्या म्हणत. जीवरसायनशास्त्रज्ञाला सुचावं असंच आहे ते. पण रॉबर्ट श्लाइप यांनी, जे स्वतः रोल्फर आहेत, २००३ मध्ये या स्पष्टीकरणावर सविस्तर शंका घेतली: एवढ्या थोड्या वेळात, एवढ्या दाबाने ऊतीचा आकार कायमचा बदलणं अवघड, बदल बहुधा मज्जासंस्थेमार्फत होतो. फॅशियात संवेदना टिपणारी टोकं भरपूर आहेत, ती मेंदूला काहीतरी कळवतात आणि स्नायूंचा ताण उतरतो. २००८ मध्ये एका गटाने गणित करून दाखवलं, की मांडीच्या बाजूचा जाड फॅशिया किंवा तळपायाचा फॅशिया एका टक्क्याने बदलायलाही माणसाच्या हाताबाहेरचा जोर लागेल. म्हणजे बोटाखाली सैल होतं हे खरं. वितळतं म्हणून सैल होतं हे नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ व्यवहारी आहे. आकार कायमचा बदलत असता तर दहा वेळा येऊन विषय संपला असता. बदल मज्जासंस्थेतला असेल तर तो जुन्या सवयीने परत जाऊ शकतो. माझ्याकडे एक डेंटिस्ट बाई येत असत, वर्षानुवर्षं उजवीकडे वाकून काम केलेल्या. तिसऱ्या सेशननंतर घरी जाताना गाडीतला मागचं दाखवणारा आरसा त्यांना वर करावा लागला, इतक्या त्या उंच बसल्या. फार खूश. आठवड्याने आल्या आणि म्हणाल्या, आरसा परत खाली केला. टिकलं कधी, तर त्यांनी दवाखान्यातलं स्टूल बदललं, भिंग लावलेला चष्मा घेतला आणि वरच्या पाठीचे व्यायाम आठवड्यातून तीनदा केले तेव्हा. माझ्या हातांनी त्यांना सरळ बसणं कसं लागतं ते कळलं, एवढं श्रेय मी घेते.

या पद्धतीला प्रसिद्धी कशी मिळाली तेही थोडक्यात, कारण तुमच्या थेरपिस्टची विक्रीची भाषा तिथून आली आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यात, सत्तरीला टेकलेल्या रोल्फ कॅलिफोर्नियातल्या एसालेन इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या आणि तिथे गेस्टाल्ट थेरपी या मानसोपचार पद्धतीचे फ्रिट्झ पर्ल्स यांच्यावर उपचार केले. एसालेन १९६२ मध्ये सुरू करणाऱ्या दोघांपैकी मायकेल मर्फी पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमात राहून आलेले. तिथे शरीर, मन, आत्मा, दडलेल्या भावना सगळं एकाच पंगतीला बसलेलं असायचं. 'रोल्फिंग' हे टोपणनाव तिथलंच. बाई स्वतः स्ट्रक्चरल इंटिग्रेशन म्हणायच्या. "खूप दुखतं पण माणूस मोकळा होतो" ही कीर्तीही तिथलीच. १९७१ मध्ये कोलोराडोतल्या बोल्डरला संस्था स्थापन झाली, १९७७ मध्ये बाईंचं पुस्तक आलं, १९७९ मध्ये त्या गेल्या. पुढे शिष्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, नेहमीप्रमाणे. आपल्याकडे पुण्यात कोरेगाव पार्कच्या रजनीश आश्रमात १९७०च्या दशकात रोल्फिंग शिकलेले परदेशी थेरपिस्ट येत असत. 'रिबॅलन्सिंग' नावाचा सौम्य अवतार त्याच वातावरणात वाढला. तुम्हाला भेटलेले "अमेरिकेत जाऊन परत आलं" म्हणतात ते कदाचित यावरूनच ऐकलेलं असेल.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: ऑस्टिओपॅथीचं पीठ, नेब्रास्कामार्गे आलेला योग, जीवरसायनाची भाषा, गुरुत्वाकर्षणाचा स्वतःचा प्रश्न, शिकवण्यासाठी बांधलेले दहा टप्पे आणि एसालेनचं वलय.

उपयोग होतो का? अभ्यास थोडे आहेत आणि लहान आहेत. २०१५ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी जुनाट कंबरदुखीच्या ४६ जणांवर चाचणी केली. अर्ध्यांना नेहमीचे व्यायाम-उपचार, अर्ध्यांना त्यासोबत स्ट्रक्चरल इंटिग्रेशन. दुखण्यात ठोस फरक दिसला नाही. रोजची कामं करता येण्यात मात्र दुसरा गट पुढे होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया सरकारने १७ नैसर्गिक उपचारपद्धतींचा आढावा घेतला, त्यात रोल्फिंगच्या बाजूने स्पष्ट पुरावा नाही असा निष्कर्ष निघाला. थोतांड म्हणण्याइतकं वाईट नाही, "पाठ सरळ करून देतो" म्हणण्याइतकं चांगलं तर मुळीच नाही. आधी-नंतरच्या फोटोंवर जाऊ नका. मी पूर्वी काढायचे, सोडून दिलं. कॅमेरा चार बोटं खाली धरला आणि माणसाने नुकताच दीर्घ श्वास घेतलेला असला की कुणीही सुधारलेलं दिसतं.

आता तुमचं. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुम्हाला न बघता मी सांगू शकत नाही. मुख्य फरक हा: तुमच्या पाठीचा बाक मऊ आहे की हाडातला? जमिनीवर पालथं झोपून हात बाजूला ठेवून छाती थोडी उचला, घरच्या कुणालातरी बाजूने बघायला सांगा. बाक सरळ होत असेल तर तो सवयीचा आणि ताकदीचा आहे; हाताने, व्यायामाने, खुर्चीने फरक पडेल. तसाच कडक राहत असेल, किंवा पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मणक्यांचा आकारच तसा असेल तर दहा काय, शंभर सेशन्सनी तो बदलत नाही. सकाळी उठल्यावर अर्धा तासाहून जास्त पाठ आखडते आणि हालचाल केल्यावर बरं वाटतं, असं असेल तर संधिवाततज्ज्ञ. हातापायात मुंग्या, जोर कमी, लघवीवर ताबा न राहणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काही असेल तर मालीश, रोल्फिंग सगळं बाजूला ठेवून आजच डॉक्टर गाठा.

औषधांचंही सांगा, कुणी विचारो न विचारो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका शिंपीकाकांच्या मांडीवर मी तळहाताएवढा काळानिळा डाग उमटवला. ते रक्त पातळ करायची गोळी घेत होते. त्यांनी सांगितलं नव्हतं, पण विचारणं माझं काम होतं आणि मी विचारलं नव्हतं. हाडं ठिसूळ असणं, पायात रक्ताची गुठळी होऊन गेलेली असणं, गरोदरपण, कॅन्सरचे उपचार, हे सगळं पहिल्या भेटीतच सांगायचं असतं.

यातलं काही नसेल आणि तुम्हाला करून बघायचंच असेल, तर खुशाल करा, पण दहाचे पैसे एकदम भरू नका. सूट कितीही असू दे. तीन करा. रेसिपीतच तिसऱ्यानंतर थांबायची जागा आहे. वरचे थर झालेले असतात, खोल काम उघडलेलं नसतं. तिसऱ्यानंतर दोन आठवडे थांबा आणि पाठ किती सरळ दिसते ते न बघता काही साधं मोजा: संध्याकाळी किती वाजता मान भरून येते, किती वेळ न उठता बसवतं, रात्री कुशीवर झोपता येतं का. फरक असेल तर पुढे जा. नसेल तर उरलेले पैसे चांगल्या खुर्चीत आणि लॅपटॉप उंच करायच्या स्टँडमध्ये घाला. थेरपिस्टने कुठे आणि किती काळ शिकलंय तेही विचारा. 'रोल्फिंग' हे नाव नोंदवलेला ट्रेडमार्क आहे, बोल्डरच्या संस्थेत किंवा तिच्याशी जोडलेल्या शाळांमध्ये शिकलेल्यांसाठी; बाकी आम्ही सगळे दुसऱ्या नावांनी काम करतो. वीकेंडची कार्यशाळा करून कुणी ते नाव पाटीवर लावलं असेल तर तुमचं काय ते ठरवा.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय, फार दुखतं का. एसालेनच्या काळात दुखायचं म्हणतात, आणि त्यात लोकांना अभिमानही वाटायचा. आज तसं असायची गरज नाही. दाब सहन करत असताना तुम्हाला बोलता यायला हवं आणि श्वास चालू राहायला हवा. पेशंटने श्वास रोखला की मी हात उचलते, कारण त्या घडीला अंग सैल होत नाही, उलट आवळतं. तुमच्या थेरपिस्टने पहिल्याच सेशनला "सहन करा, आत्ता सुटेल" असं म्हटलं तर दुसऱ्या सेशनची वेळ घेऊ नका.